प्रथिनयुक्त कॉफी

प्रथिनयुक्त कॉफी म्हणजे नेहमीच्या कॉफीत व्हे पावडर, दुधाची भुकटी, सोयाबीनचे दूध किंवा असाच एखादा प्रथिनसमृद्ध पदार्थ वाढीव प्रमाणात मिसळून तयार केलेले पेय होय. इंग्रजी भाषक देशांत त्यास 'प्रोटीन कॉफी' किंवा या दोन शब्दांच्या जोडणीतून बनलेले 'प्रॉफी' असे म्हटले जाते. व्यायाम करणारे, वजन आटोक्यात ठेवू इच्छिणारे आणि सकाळच्या न्याहारीस वेळ नसणारे लोक हे पेय प्रामुख्याने घेतात. कॉफीतील कॅफीनमुळे तरतरी यावी आणि त्याच पेल्यातून स्नायूंच्या वाढीस लागणारी प्रथिनेही मिळावीत, ही त्यामागील कल्पना आहे.

या पेयाचे फायदे बव्हंशी प्रथिनांचे आहेत आणि ती प्रथिने अन्य कोणत्याही अन्नातून मिळाली तरी ते फायदे होतात. त्याचे तोटे मुख्यतः कॅफीनचे प्रमाण, सेवनाची वेळ आणि पावडरीचा दर्जा यांच्याशी निगडित आहेत. त्यामुळे एका पेल्याचा स्वतंत्र विचार करण्यापेक्षा संपूर्ण दिवसाच्या आहारात त्याचे स्थान काय, हे पाहणे आवश्यक ठरते. पुणे जिल्ह्यातील शिरूर आणि दौंड या दूध उत्पादक तालुक्यांच्या संदर्भात हा विचार विशेष उपयुक्त आहे.

पार्श्वभूमी

भारतात कॉफीची लागवड सतराव्या शतकात बाबा बुदन या सूफी संताने येमेनमधून आणलेल्या सात बियांपासून चिकमगळूर परिसरात सुरू झाली, अशी परंपरागत कथा आहे. कर्नाटक, केरळ आणि तमिळनाडू ही कॉफी पिकवणारी प्रमुख राज्ये होत. महाराष्ट्रात अमरावती जिल्ह्यातील चिखलदरा येथे कॉफीची लागवड आढळते. कॉफी उद्योगाच्या नियमनासाठी १९४२ च्या कायद्यान्वये कॉफी मंडळ अस्तित्वात आले. असे असले तरी महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात चहा हेच नित्याचे पेय राहिले. कॉफी ही पाहुण्यांसाठी, आजारपणानंतर किंवा परीक्षेच्या काळात रात्री जागण्यासाठी करावयाची, अशी रीत अनेक घरांत होती.

कॉफीत प्रथिने घालणे ही गोष्ट पूर्णतः नवी नाही. दक्षिण भारतातील फिल्टर कॉफीत दुधाचा वाटा मोठा असतो. व्हिएतनाममधील हनोई शहरात १९४६ मध्ये दुधाची टंचाई असताना फेटलेले अंड्याचे बलक घालून कॉफी करण्याची पद्धत रूढ झाली आणि ती आजही लोकप्रिय आहे. व्हे पावडर घातलेल्या कॉफीचा प्रसार मात्र २०२० नंतर समाजमाध्यमांतून झाला. सप्टेंबर २०२५ मध्ये स्टारबक्स या कंपनीने अमेरिकेतील आपल्या दुकानांत प्रथिनयुक्त लाटे आणि प्रथिनयुक्त थंड फेस घातलेली पेये विक्रीस आणली. व्यायामशाळांपुरते मर्यादित असलेले हे पेय अशा रीतीने सर्वसामान्य ग्राहकांपर्यंत पोहोचले.

घटक आणि प्रमाण

काळ्या कॉफीत प्रथिने जवळजवळ नसतातच. एका कपात अर्ध्या ग्रॅमहूनही कमी. म्हणून पेयातील प्रथिनांचे प्रमाण त्यात काय मिसळले यावरच अवलंबून असते. सर्वसाधारण प्रमाणे पुढीलप्रमाणे आहेत.

गाईचे दूध, २०० मिलिलिटर : सुमारे ६.५ ग्रॅम
म्हशीचे दूध, २०० मिलिलिटर : सुमारे ८ ग्रॅम
साय काढलेल्या दुधाची भुकटी, ३० ग्रॅम : सुमारे १० ग्रॅम
व्हे पावडर (८० टक्के प्रथिने असलेली), ३० ग्रॅम : सुमारे २४ ग्रॅम
एक अंडे : सुमारे ६ ग्रॅम
भाजलेले शेंगदाणे, ३० ग्रॅम : ७ ते ८ ग्रॅम
फुटाणे किंवा हुलग्याचे पीठ, ३० ग्रॅम : सुमारे ६ ग्रॅम

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० मध्ये निश्चित केलेल्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढ व्यक्तीस दररोज वजनाच्या प्रत्येक किलोग्रॅममागे ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरेशी असतात. ६५ किलोग्रॅम वजनाच्या पुरुषासाठी हे प्रमाण सुमारे ५४ ग्रॅम, तर ५५ किलोग्रॅम वजनाच्या स्त्रीसाठी सुमारे ४६ ग्रॅम होते.

कॅफीनविषयी याच दोन संस्थांची २०२४ ची आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वे पुढील आकडे देतात. १५० मिलिलिटर गाळलेल्या कॉफीत ८० ते १२० मिलिग्रॅम, तेवढ्याच झटपट कॉफीत ५० ते ६५ मिलिग्रॅम आणि चहाच्या एका कपात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफीन असते. दिवसभरातील एकूण कॅफीन ३०० मिलिग्रॅमच्या आत असावे, असे ही तत्त्वे सांगतात. या मोजमापात चहाही धरावा लागतो. दिवसातून दोनदा झटपट कॉफी आणि तीनदा चहा घेणाऱ्या व्यक्तीच्या शरीरात सहजपणे २५० मिलिग्रॅमच्या आसपास कॅफीन जाते.

व्हे पावडर आणि तिची निर्मिती

दुधातील प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के केसीन आणि सुमारे २० टक्के व्हे प्रथिने असतात. पनीर करताना दूध फाडले की केसीनचा गोळा वेगळा होतो आणि पिवळसर-हिरवट पाणी मागे राहते. श्रीखंडासाठी दही फडक्यात टांगून ठेवल्यावर जे पाणी गळते, तेही याच जातीचे. हेच व्हे होय. घरोघरी या पाण्यात कणीक मळण्याची किंवा ते आमटीत घालण्याची पद्धत आहे; त्यामुळे त्यातील पोषक द्रव्ये वाया जात नाहीत.

चीज निर्मितीत साधारणपणे १० लिटर दुधापासून १ किलोग्रॅम चीज आणि सुमारे ९ लिटर व्हे मिळते. एक लिटर व्हेमध्ये प्रथिने केवळ ६ ते ८ ग्रॅम असतात; उरलेला भाग पाणी, दुग्धशर्करा आणि क्षार यांचा असतो. हे पाणी ओढ्यानाल्यात सोडल्यास त्यातील सेंद्रिय द्रव्यांमुळे पाण्यातील प्राणवायू घटून मोठे प्रदूषण होते. म्हणून पूर्वी ते विल्हेवाटीची अडचण मानले जाई. अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्यांमधून गाळण्याचे तंत्र विकसित झाल्यावर व्हेमधील प्रथिने वेगळी काढून, गरम हवेच्या झोतात वाळवून त्यांची पावडर करणे शक्य झाले. ८० टक्के प्रथिने असलेली एक किलोग्रॅम पावडर मिळवण्यासाठी या हिशेबाने १०० लिटरहून अधिक व्हे लागते.

बाजारात या पावडरीचे दोन मुख्य प्रकार मिळतात. 'कॉन्सन्ट्रेट' प्रकारात प्रथिनांचे प्रमाण बहुधा ७० ते ८० टक्के असते आणि काही दुग्धशर्करा शिल्लक राहते. 'आयसोलेट' प्रकारात प्रथिने सुमारे ९० टक्के असून दुग्धशर्करा अत्यल्प असते. त्याची किंमतही अधिक असते.

पुणे जिल्हा या उद्योगाचे एक महत्त्वाचे केंद्र आहे. शिरूरला लागून असलेल्या आंबेगाव तालुक्यातील मंचर येथे पराग मिल्क फूड्स या १९९२ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीचा चीज प्रकल्प असून 'अवतार' हा व्हे पावडरीचा ब्रँड याच कंपनीचा आहे. दौंडला लागून असलेल्या बारामती येथेही चीज व दुधाची भुकटी तयार करणारा श्रायबर डायनॅमिक्स हा मोठा दुग्धप्रकल्प आहे.

उष्णतेचा परिणाम आणि कृती

गरम कॉफीत घातल्याने प्रथिने 'मरतात' किंवा निकामी होतात, असा समज आढळतो. तो बरोबर नाही. व्हे प्रथिनांची रचना साधारण ७० अंश सेल्सिअसच्या पुढे उलगडू लागते आणि त्यांचे रेणू एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात. अंडे उकडल्यावर पांढरा बलक घट्ट होतो, तशीच ही क्रिया आहे. रचना बदलली तरी प्रथिनांतील अमिनो आम्ले तीच राहतात आणि पचनसंस्थेत ती उपलब्ध होतात. उष्णतेने पेयाचा पोत बिघडतो. पोषणमूल्य मात्र फारसे घटत नाही.

कॉफी किंचित आम्लधर्मी असते. केसीन ४.६ च्या आसपासच्या सामूवर साकळते आणि कॉफीचा सामू साधारणपणे ५ च्या जवळपास असतो. म्हणून आंबूसपणाकडे झुकलेले दूध कॉफीत घातल्यास लगेच फाटते.

गुठळ्या टाळण्यासाठी पावडर प्रथम थोड्या थंड पाण्यात किंवा दुधात नीट कालवून घ्यावी लागते. कॉफी दोन-तीन मिनिटे निवू देऊन मग हे मिश्रण थोडे थोडे घालत ढवळले असता पेय एकजीव होते. पावडर घातल्यानंतर ते पुन्हा उकळू नये. थंड कॉफीत ही अडचण येत नाही. दुधाची भुकटी उष्णता अधिक सहन करते, त्यामुळे घरगुती वापरासाठी ती सोयीची आहे.

फायदे

स्नायूंची वाढ आणि झीज भरून निघणे. वजने उचलण्यासारखा व्यायाम करणाऱ्यांना वाढीव प्रथिनांचा उपयोग होतो. ४९ चाचण्यांमधील १,८६३ व्यक्तींच्या माहितीचा एकत्रित अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वाढीव प्रथिनांमुळे स्नायू व ताकद यांत माफक भर पडते, मात्र दररोज वजनाच्या प्रत्येक किलोग्रॅममागे सुमारे १.६ ग्रॅमच्या पुढे अधिक लाभ होत नाही, असे दिसून आले. व्हे प्रथिने लवकर पचतात आणि त्यांत स्नायूनिर्मितीस चालना देणारे ल्यूसीन हे अमिनो आम्ल विपुल असते.

भूक आटोक्यात राहणे. प्रथिनांमुळे पोट भरल्याची भावना अधिक काळ टिकते. केवळ साखर-दुधाची कॉफी आणि बिस्किटे घेणाऱ्या व्यक्तीने त्याऐवजी प्रथिनयुक्त पेय घेतल्यास मधल्या वेळचे खाणे कमी होऊ शकते.

व्यायामातील कामगिरी. हा लाभ कॅफीनचा आहे. वजनाच्या प्रत्येक किलोग्रॅममागे ३ ते ६ मिलिग्रॅम कॅफीन घेतल्यास धावणे, सायकल चालवणे अशा क्रीडाप्रकारांत कामगिरी थोडी सुधारते, असे अनेक प्रयोगांत आढळले आहे. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने २००४ मध्ये कॅफीन प्रतिबंधित द्रव्यांच्या यादीतून वगळले. यापैकी वरचे प्रमाण बहुतेकांसाठी दिवसाच्या ३०० मिलिग्रॅमच्या मर्यादेपलीकडे जाते, हे येथे लक्षात घ्यावे लागते.

सोय. वयोवृद्ध, दात नसलेल्या किंवा आजारातून उठलेल्या व्यक्तींना घन अन्न पुरेसे जात नाही. अशांना पेयातून प्रथिने देणे सोपे जाते. येथे कॉफीऐवजी दूध, पेज किंवा सूप हे माध्यमही तितकेच चालते.

कॉफीतील पॉलिफेनॉल आणि दुधातील प्रथिने यांचा संयोग शरीराला अधिक हितकारक असावा, अशी शक्यता कोपनहेगन विद्यापीठातील संशोधकांनी २०२३ मध्ये मांडली. हे निष्कर्ष प्रयोगशाळेतील पेशींवरील आहेत. त्यावरून माणसांविषयी विधान करता येत नाही.

तोटे आणि मर्यादा

लोहाचे शोषण घटणे. कॉफीतील पॉलिफेनॉल अन्नातील लोहाशी संयोग पावतात आणि ते रक्तात शोषले जाण्यास अडथळा आणतात. १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात जेवणासोबत एक कप कॉफी घेतल्यावर लोहाचे शोषण ३९ टक्क्यांनी, तर चहा घेतल्यावर ६४ टक्क्यांनी घटले. जेवणापूर्वी एक तास कॉफी घेतली असता असा परिणाम दिसला नाही; जेवणानंतर एक तासाने घेतली असता मात्र जेवणासोबत घेतल्याइतकाच परिणाम झाला. २०२४ च्या भारतीय मार्गदर्शक तत्त्वांत जेवणाच्या आधी आणि नंतर किमान एक तास चहा-कॉफी टाळण्याची सूचना आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आहेत. त्यामुळे ही मर्यादा सर्वांत गंभीर ठरते.

झोपमोड. कॅफीनचे शरीरातील प्रमाण निम्म्यावर येण्यास साधारणपणे पाच तास लागतात. गर्भवतींमध्ये हा काळ बराच वाढतो. झोपेच्या सहा तास आधी घेतलेल्या ४०० मिलिग्रॅम कॅफीननेही झोप तासाभराहून अधिक घटते, असे २०१३ च्या एका अभ्यासात आढळले. स्नायूंची झीज भरून येण्यास झोप आवश्यक असल्याने, संध्याकाळच्या व्यायामानंतर घेतलेली प्रथिनयुक्त कॉफी आपल्याच हेतूस बाधक ठरू शकते.

पचनाच्या तक्रारी. दुग्धशर्करा न पचणाऱ्या व्यक्तींना व्हे कॉन्सन्ट्रेटमुळे पोट फुगणे, गुबारा धरणे किंवा जुलाब होणे असा त्रास होतो. रिकाम्या पोटी कॉफी घेतल्याने काहींना आम्लपित्ताचा त्रास वाढतो.

साखर आणि अन्य मिश्रणे. अनेक पावडरींत साखर, कृत्रिम गोडी, सुगंधी द्रव्ये आणि घट्टपणा आणणारे पदार्थ असतात. काही उत्पादनांत कॅफीन आधीच मिसळलेले असते. अशी पावडर कॉफीत घातल्यास कॅफीनचा हिशेब चुकतो.

दर्जाविषयी अनिश्चितता. भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रथिन पूरकांची तपासणी २०२४ मध्ये 'मेडिसिन' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. त्यांपैकी सुमारे ७० टक्के उत्पादनांत प्रथिनांचे प्रमाण वेष्टनावरील दाव्याशी जुळत नव्हते आणि सुमारे १४ टक्के नमुन्यांत बुरशीजन्य विषद्रव्ये आढळली. भारतीय मार्गदर्शक तत्त्वांनीही शरीर कमावण्यासाठी प्रथिन पूरके टाळण्याचा सल्ला दिला आहे.

जेवणाची जागा घेणे. पावडरीतून प्रथिने मिळतात. तंतुमय पदार्थ, लोह आणि भाकरी-भाजीतील अनेक जीवनसत्त्वे मिळत नाहीत. न्याहारी किंवा जेवण टाळून केवळ हे पेय घेण्याची सवय लागल्यास आहार एकांगी होतो. पुरेशी ऊर्जा देणारे अन्न पोटात नसेल, तर शरीर महागड्या प्रथिनांचा काही भाग इंधन म्हणून खर्च करते.

शिरूर आणि दौंड तालुक्यांतील संदर्भ

शिरूर शहर घोड नदीकाठी वसले असून घोडनदी या नावानेही ओळखले जाते. दौंड भीमा नदीच्या काठी असून मुंबई-चेन्नई आणि दौंड-मनमाड या लोहमार्गांचे जंक्शन आहे. दोन्ही तालुक्यांचा मोठा भाग पर्जन्यछायेत येतो. कालव्यांचे पाणी पोहोचलेल्या भागात ऊस व चारापिके होतात आणि उसाच्या वाढ्यांवर, चाऱ्यावर संकरित गाईंचा दुग्धव्यवसाय चालतो. गावोगावच्या संकलन केंद्रांत शेतकरी सकाळ-संध्याकाळ दूध घालतात.

संकलन केंद्रात दुधाचे फॅट आणि एसएनएफ मोजले जाते. महाराष्ट्रात गाईच्या दुधाचा दर सामान्यतः ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ या गुणप्रतीसाठी जाहीर होतो. एसएनएफ म्हणजे दुधातील स्निग्धांश सोडून उरलेले घनपदार्थ. त्यात दुग्धशर्करा, प्रथिने आणि क्षार येतात. लिटरमागे सुमारे ३२ ग्रॅम प्रथिने असतात, ती यातच मोजली जातात. म्हणजे पावडरीच्या डब्यात जे प्रथिन विकले जाते, ते आधी याच मोजमापातून गोठ्याबाहेर गेलेले असते. दूध उत्पादक कुटुंबातील मुलांच्या वाट्याला घरचे किती दूध येते, हा प्रश्न म्हणूनच पावडरीच्या प्रश्नाआधीचा आहे.

प्रथिनयुक्त पेयांकडे ओढा असणारा एक वर्ग म्हणजे पोलीस आणि सैन्यभरतीची तयारी करणारे तरुण-तरुणी. दौंड येथे राज्य राखीव पोलीस बलाच्या गट क्रमांक ५ आणि गट क्रमांक ७ यांची मुख्यालये असून जवळच नानवीज येथे या दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीत पुरुषांसाठी १,६०० मीटर आणि स्त्रियांसाठी ८०० मीटर धावणे, १०० मीटर धावणे व गोळाफेक यांचा समावेश असतो. राखीव पोलीस बलासाठी ५ किलोमीटर धावण्याची चाचणी असते. लांब पल्ल्याच्या धावण्यात स्नायूंना प्राणवायू पुरवणारे हिमोग्लोबिन निर्णायक असते आणि ते लोहावर अवलंबून असते. रक्तक्षय असलेल्या मुलीने प्रथिनांसाठी जेवणासोबत कॉफी घेण्याची सवय लावून घेतल्यास एकीकडून मिळवलेले दुसरीकडून गमावण्याची शक्यता असते. अशा उमेदवारांनी पूरके घेण्याआधी हिमोग्लोबिनची तपासणी करणे अधिक महत्त्वाचे आहे.

दुसरा वर्ग पाळ्यांमध्ये काम करणाऱ्यांचा आहे. शिरूर तालुक्यात रांजणगाव आणि दौंड तालुक्यात कुरकुंभ येथे औद्योगिक वसाहती आहेत. रात्रपाळीत जागे राहण्यासाठी चहा-कॉफी घेतली जाते. पाळीच्या सुरुवातीस घेतलेले पेय उपयोगी पडते. पहाटे घेतलेले मात्र सकाळच्या झोपेच्या आड येते.

खर्चाचा हिशेब आणि स्थानिक पर्याय

प्रथिनांच्या स्रोतांची तुलना करताना डब्याच्या किमतीऐवजी प्रथिनांच्या प्रत्येक ग्रॅममागील खर्च पाहावा. ८० टक्के प्रथिने असलेल्या एक किलोग्रॅम पावडरीत ८०० ग्रॅम प्रथिने असतात. तितकीच प्रथिने सुमारे २५ लिटर गाईच्या दुधात किंवा सव्वातीन किलोग्रॅम शेंगदाण्यांत असतात. स्थानिक बाजारातील त्या दिवसाचे भाव या आकड्यांना लावले की कोणता पर्याय परवडतो, ते कळते. तुलना करताना दुधातून कॅल्शियम आणि ऊर्जा, तर शेंगदाण्यांतून स्निग्धांश व तंतू मिळतात, हेही ध्यानात घ्यावे. शेंगदाण्यांत स्निग्धांश भरपूर असल्याने केवळ त्यांवर प्रथिनांची सारी गरज भागवणे मात्र इष्ट नाही.

पश्चिम महाराष्ट्रात गरम, प्रथिनयुक्त पेयाची स्वतःची परंपरा आहे. हुलग्याचे पीठ पाण्यात शिजवून, त्यात गूळ किंवा मीठ घालून केलेले माडगे हे थंडीच्या दिवसांत आणि अशक्तपणात आवर्जून दिले जाते. हुलग्यात सुमारे २२ टक्के प्रथिने असतात. बाजरीच्या भाकरीसोबत मटकी, हुलगा किंवा तुरीची डाळ खाल्ल्याने धान्यातील लायसीन या अमिनो आम्लाची उणीव कडधान्याने भरून निघते. कॉफीच हवी असेल, तर पेलाभर दुधात केलेली कॉफी आणि त्यात दोन चमचे दुधाची भुकटी, एवढ्यानेच दहा ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात.

५५ किलोग्रॅम वजनाच्या विद्यार्थिनीचे उदाहरण घेता, दोन पेले गाईचे दूध (१३ ग्रॅम), एक अंडे (६ ग्रॅम), मूठभर शेंगदाणे (७ ग्रॅम), दोन वेळच्या जेवणातील ६० ग्रॅम डाळ-कडधान्य (सुमारे १३ ग्रॅम) आणि चार भाकऱ्यांतील २०० ग्रॅम बाजरीचे पीठ (सुमारे २२ ग्रॅम) मिळून सुमारे ६१ ग्रॅम प्रथिने होतात. ही बेरीज शिफारस केलेल्या ४६ ग्रॅमहून अधिक आहे. अंडे न खाणाऱ्यांनाही ही मर्यादा सहज गाठता येते.

सेवनाविषयी सूचना

मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी वाढीव प्रथिने वैद्यकीय सल्ल्याशिवाय घेऊ नयेत. गर्भवती स्त्रियांसाठी युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१५ मध्ये दिवसाला २०० मिलिग्रॅम कॅफीनची मर्यादा सुचवली आहे. मुले आणि किशोरवयीनांसाठी याच संस्थेने वजनाच्या प्रत्येक किलोग्रॅममागे ३ मिलिग्रॅम हे प्रमाण धरले आहे. ४५ किलोग्रॅम वजनाच्या विद्यार्थ्यासाठी ते १३५ मिलिग्रॅम, म्हणजे झटपट कॉफीचे साधारण दोन कप होते. उच्च रक्तदाब, हृदयाची धडधड किंवा चिंतारोग असणाऱ्यांनी कॅफीन जपून घ्यावे. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी ती पाण्यासोबत रिकाम्या पोटी घ्यावी आणि त्यानंतर निदान अर्धा ते एक तास कॉफी घेऊ नये, कारण कॉफीमुळे त्या औषधाचे शोषण घटते. दुधाच्या प्रथिनांची ॲलर्जी असणाऱ्यांना व्हे पावडर चालत नाही.

निरोगी प्रौढाने हे पेय घ्यायचे असल्यास ते सकाळी किंवा दुपारी लवकर, जेवणापासून अंतर ठेवून आणि कमी साखरेचे घ्यावे.

नियमन आणि वेष्टनावरील माहिती

भारतात प्रथिन पूरके २००६ च्या अन्नसुरक्षा व मानके कायद्याच्या कक्षेत येतात. आरोग्य पूरकांसाठी भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाचे स्वतंत्र विनियम आहेत. वेष्टनावर प्राधिकरणाचा १४ अंकी परवाना क्रमांक, घटकांची यादी, प्रथिनांचे प्रमाण, निर्मितीची व वापराच्या अंतिम मुदतीची तारीख असणे आवश्यक आहे. ही उत्पादने औषध म्हणून वापरण्यासाठी नाहीत, अशी सूचनाही त्यांवर असते.

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने दिलेली असते. यादीत साखर किंवा माल्टोडेक्स्ट्रिन आरंभी असेल, तर त्या पावडरीत प्रथिनांपेक्षा पिष्टमय पदार्थांचाच भरणा अधिक आहे, असे समजावे. सुटी, वेष्टन फोडलेली किंवा पावतीविना मिळणारी पावडर घेऊ नये. पावतीमुळे तक्रार करणे शक्य होते आणि अशी तक्रार राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते.